मांडीचं माप

दि. ९ जानेवारी

वन्संना नमस्कार.

पार्सल काल दुपारी पोचलं. काय काय मिळालं ते लिहिते, म्हणजे वाटेत काही राहिलं असेल तर तुम्हाला कळेल. रबरी पट्ट्या दोन, एक लाल, एक हिरवी. घोट्याला बांधायच्या वाळूच्या पिशव्या, एक जोडी. प्रथिनांच्या भुकटीचा डबा, झाकण चेपलंय पण आतली पुडी शाबूत आहे. आणि चित्रांचं पुस्तक. टपालाला एकशे बारा पडलेले दिसतात. तेवढ्यात माझ्याकडे आठवड्याचं दूध येतं. वन्सं, वाळू आमच्याकडेही मिळते हो.

आलेल्या वस्तूंचं चीज केलं आहे. हिरवी पट्टी डाळीच्या बरणीला बसली, तिचं झाकण कधीचं ढिलं झालं होतं. पिशव्या मागच्या दाराशी ठेवल्या. वाऱ्याने दार आपटायचं आणि यांची झोप मोडायची, ते थांबलं. भुकटी महागाची, ती पाहुणेरावळे येतील तेव्हासाठी वर ठेवली आहे.

तुमच्या दादांची छाती आता साफ आहे. डॉक्टरांनी नळी लावून पाहिलं, म्हणाले आजार गेला. पण दवाखान्यातून घरी आणल्यापासून अंगात ताकद म्हणून उरली नाही. मी त्यांना जराही हलू देत नाही. बगलेत हात घालून उठवते, खुर्चीत बसवते, परत पलंगावर ठेवते. पाण्याचा पेलासुद्धा मीच तोंडाशी धरते. तुम्ही मागच्या पत्रात व्यायामाचं लिहिलंत, पण देवाने माणसाला ताकद मोजून दिलेली असते. उरलेली पुरवून वापरावी, उधळू नये. अर्धं आयुष्य या माणसाने मशीनचं पायडल मारलं. आता तरी पायांना विसावा.

एक गोष्ट तुमच्यापाशीच बोलते. त्यांची मांडी फार उतरली आहे. विजार चढवली की नुसती लोंबायची. शिंप्याला स्वतःच्या अंगावर ढगळ कपडा दिसला तर त्याचं काय होईल? म्हणून ते दुपारी झोपले की मी पुढच्या खोलीत मशीनवर बसते आणि विजारी आत घेते. तिसऱ्यांदा घेतल्या. जास्तीचं कापड निघालं त्याची गरम भांडी उतरवायला जाड फडकी झाली, वाया काही गेलं नाही. त्यांच्या काही लक्षात आलेलं नाही, देवाची कृपा.

पार्सलाऐवजी तुम्हीच आला असतात तर भावाला बरं वाटलं असतं. राग मानू नका.

तुमची वहिनी


दि. १६ जानेवारी

वहिनी, नमस्कार.

त्या पिशव्या मी दाराच्या पायाला बांधायला पाठवल्या नव्हत्या.

आता रागावून नाही, समजावून लिहिते. दवाखान्यात चाळीस वर्षं मी लोकांना चालायला लावण्याचंच काम केलं, तेव्हा माझं थोडं ऐक. स्नायू म्हणजे नुसतं मांस नव्हे. त्याच्या प्रत्येक पेशीत डोळ्यांना न दिसणाऱ्या भट्ट्या असतात. मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्यांना. खाल्लेलं अन्न श्वासातल्या प्राणवायूवर तिथे जळतं आणि त्यावर आपण उठतो, बसतो, चालतो. स्नायूकडे काम मागितलं नाही की शरीर म्हणतं, मग एवढ्या भट्ट्या हव्यात कशाला? जुन्या बिघडतात, त्यांच्या जागी नव्या उभ्या राहत नाहीत, मांसही झडतं. तरुण माणूस आठवडाभर लोळला तरी भरून काढतो. दादाच्या वयात अंथरूण फार वेगाने खातं आणि खाल्लेलं सहज परत देत नाही.

पण मागितलं तर मिळतं, वहिनी. या वयातही मिळतं. कमी मिळतं, हळू मिळतं, पण मिळतं. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. काठी टेकत आलेली माणसं काठी विसरून गेलेली पाहिली आहेत मी.

तू ताकदीची काटकसर करते आहेस. धान्य झाकून ठेवलं तर टिकतं. ताकद झाकून ठेवली की नासते. विहिरीचं पाणी उपसत राहिलं तरच गोड राहतं, हे तुला मी सांगायला हवं?

तेव्हा पाण्याचा पेला त्याच्या हातात दे. बगलेत हात घालून उचलणं आधी बंद कर. उंच खुर्ची घे, ती भिंतीला टेकव आणि त्याला स्वतः उठू दे. अर्धवट उठून बसला तरी चालेल. पट्टी पायात अडकवून तिच्याविरुद्ध पाय लांब करू दे. रोज दूध, अंडं, डाळ, आणि ती भुकटीसुद्धा. पाहुण्यांना चहा पुरे.

आणि विजारीचं त्याला सांग. आपण किती उतरलो हे माणसाला कळलंच नाही, तर तो चढणार कशाला?

मला सध्या इथली कामं आहेत. निघणं होत नाही.

तुझी नणंद


दि. २ फेब्रुवारी

वन्संना नमस्कार.

पत्राला उशीर झाला, कारण लिहिण्यासारखं काही चांगलं नव्हतं.

तुम्ही सांगितलंत तसं करायला गेले. तो लांब शब्द तीनदा वाचला, जीभ अडखळली, पण भट्टीचं समजलं. बरणीची पट्टी सोडवली. त्यांच्या पायात अडकवली. पाय एवढासा पुढे गेला आणि असा थरथरायला लागला, की मलाच रडू आलं. मी पट्टी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी खुर्ची भिंतीला लावली, तर म्हणाले, "आता हे कशाला? तू दमतेस." आणि भिंतीकडे तोंड करून पडले. आजारात रागवायचे, चिडायचे, ते परवडलं. आता माझ्याशी फार गोड बोलतात. पाणी दिलं तरी "तुझे उपकार" म्हणतात. इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द मी ऐकला नव्हता. मला त्याची भीती वाटते.

मध्यंतरी एक दिवस त्यांनी मापाची टेप मागितली. मला वाटलं, देव पावला, कामाची आठवण झाली. धावत जाऊन आणून दिली. दुपारभर ती उशीखाली होती. मग परत दिली आणि म्हणाले, जागच्या जागी ठेव.

डॉक्टर परवा येऊन गेले. दाराशी मला स्पष्ट म्हणाले, छातीने त्यांना सोडलं आहे, पण पाय जाताहेत. हा ऋतू संपेपर्यंत आपले आपण उठायला लागले नाहीत, तर पुढे पलंगच धरतील, मग पाठीला जखमा, पुन्हा छातीत कफ. मी रोज प्रार्थनेत एकच मागते, की यांना कष्ट पडू नयेत. आणखी काय करायचं?

तुम्हाला तिथे बसून सांगणं सोपं आहे. दुरून डोंगर साजरे. माणूस रडवेला झाला की हात आपोआप पुढे जातो, तो कसा मागे घ्यायचा ते तुमच्या चित्रांच्या पुस्तकात नाही. भाऊ असा पडला असताना कसली कामं काढून बसला आहात, ते मला समजत नाही. लिहिलं ते लिहिलं, आता खोडत नाही, कागद वाया जातो.

वहिनी


दि. १० फेब्रुवारी

वहिनी,

खोडू नकोस. बरोबर लिहिलंस.

कामं कुठलीच नाहीत. मागच्या वर्षी तुमच्याकडे यायला निघाले होते, आठवतं? मी नंतर काम निघालं म्हणून कळवलं. तेव्हा मी स्टेशनवर पोचले होते. हातात पिशवी, समोर गाडी. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि अंग वर उचललंच गेलं नाही. मागचे लोक म्हणाले, आजी, चढा ना. मी बाजूला झाले. गाडी गेली. मी घरी येऊन तुला खोटं पत्र लिहिलं.

नोकरी सुटल्यावर गुडघा दुखायला लागला, तेव्हापासून मी बसूनच आहे. खाली बसले तर पलंगाचा पाय धरल्याशिवाय उठता येत नाही. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. दादाला हे कळवू नकोस म्हणणार होते, पण कळव. त्याच्या बहिणीने लपवून काय मिळवलं ते त्याला दिसू दे.

तू थांबून रडलीस त्यात गैर काही नाही. थरथरणं वाईट नसतं एवढं लक्षात ठेव. थरथरतो म्हणजे स्नायू काम मागितलेलं ऐकतो आहे.

पण मला तुझ्या पत्रात पट्टीपेक्षा दुसरं टोचलं. दादा गोड बोलतो आहे. लहानपणापासून मी त्याला ओळखते, तो गोड बोलतो तेव्हा त्याने मनात काहीतरी ठरवून टाकलेलं असतं. व्यायामाचं काही दिवस नाव काढू नकोस. त्याने टेप कशाला मागितली, ते फक्त विचार. आणि तो बोलायला लागला की मध्ये बोलू नकोस. हे तुला जड जाईल.

तुझी नणंद


दि. २६ फेब्रुवारी

वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग त्यांना वाचून दाखवलं. स्टेशनचा भाग ऐकताना त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, वेडी आहे, कुणाचा तरी हात मागायचा. मी तिथेच विचारलं, की तुम्ही त्या दिवशी टेप कशाला मागितलीत?

बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. खरंच जड गेलं.

मग त्यांनी सांगितलं, की मांडीचं माप घेतलं. तुझ्या दंडाएवढी झाली आहे म्हणाले. मी म्हटलं, तुम्हाला कळू नये म्हणून मी किती जपलं. तेव्हा ते हसले. विजार पहिल्यांदा आत घेतली त्याच संध्याकाळी त्यांना कळलं होतं. माझी टीप शेवटाला डावीकडे झुकते म्हणे. आजवर हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी विजारीची शिवण बोटांत धरली आणि मला दाखवली. "यात कापड नाही," म्हणाले. मी म्हटलं, जास्तीचं होतं, कापून टाकलं, फडकी केली. वन्सं, त्यानंतर ते जे बोलले ते तसंच्या तसं लिहिते.

"आजारातून उठलेल्या गिऱ्हाइकाचं कापड मी कधी कापलं नाही. बाबांनी कापू दिलं नाही. आत दुमडायचं, लांब टाके घालायचे. माणूस पुन्हा भरला की उसवायचं. तू कापलंस. म्हटलं, डॉक्टरांनी हिला बाजूला घेऊन सांगितलेलं दिसतंय. हिला ठाऊक आहे मी आता भरणार नाही. हिच्याने मला सांगवत नाही म्हणून गुपचूप शिवते आहे. मग मी कशाला विचारू?"

म्हणजे हा माणूस इतके दिवस मरणाची वाट बघत पडला होता. माझ्याशी गोड बोलत होता, कारण निघायची वेळ आली आहे असं धरून चालला होता. आणि मी पलीकडच्या खोलीत बसून कापड वाचवत होते.

मी त्यांना देवाची शपथ घेऊन सांगितलं, की डॉक्टर असं काही बोलले नाहीत. ते बोलले ते वेगळंच आहे. आणि दाराशी झालेलं सगळं बोलणं, पलंग धरण्याचं, पाठीच्या जखमांचं, एक शब्द न गाळता सांगितलं. आजवर हे मी त्यांच्यापासून ठेवलं होतं. घाबरतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "एवढंच? मग आधी का नाही बोललीस?" आणि पाण्याचा पेला माझ्या हातातून काढून घेतला. निम्मं अंगावर सांडलं. मी पुसायला उठले नाही.

मी प्रार्थनेत मागत होते की यांना कष्ट पडू नयेत. देवाने माझं ऐकलं होतं, हीच अडचण झाली. आता मागणं बदललं आहे.

दाराशी ठेवलेल्या पिशव्या आणल्या आहेत. दार आपटतं, आपटू दे. भुकटीचा डबाही फोडला. पण उभं करायची मला अजून भीती वाटते. पडले तर? कसं करायचं ते नीट लिहा, पुस्तकातल्या चित्रातला माणूस हसतो आहे आणि त्याचे पाय धडधाकट आहेत.

तुमची वहिनी


दि. ५ मार्च

वहिनी,

तुझं पत्र वाचलं. बाबा गेल्यावर त्यांचं बोलणं एवढं स्पष्ट ऐकलं नव्हतं.

उभं करायचं असं. मागे भिंतीला लावलेली खुर्ची, पुढे दादाचं कापड कापायचं टेबल. ते जड आहे, सरकणार नाही. दोन पायांत खांद्यांएवढं अंतर, टाचा खुर्चीच्या जवळ. वाकून नाक पुढे न्यायचं आणि जमीन पायांनी ढकलायची. पहिले काही दिवस त्याच्या कमरेला रुंद पट्टा बांध आणि तू बाजूला उभी राहून तो धर, पण ओढू नकोस. पडायला लागला तरच धर. चक्कर आली, छातीत दुखलं, तर लगेच बसव आणि डॉक्टरांना कळव. त्यांना आधी विचारून घे, माझ्या भरवशावर राहू नकोस. एक दिवस सोडून एक दिवस जास्त मेहनत, मधल्या दिवशी हलकं. आज जमलं ते उद्या जमणार नाही, असंही होईल.

तो पूर्वीसारखा होईल असं मी लिहिणार नाही. अंथरुणाने खाल्लं त्यातलं काही परत येणारच नाही. पण आपलं आपण उठणं आणि उचलून घेणं यांच्यामधल्या अंतरात सगळं आयुष्य मावतं, वहिनी.

तुझी नणंद


दि. ३० मार्च

वन्संना नमस्कार.

डॉक्टरांना विचारूनच सगळं केलं. पट्टा धरला, ओढला नाही. एकदा अर्ध्यात खुर्चीत धपकन बसले आणि माझ्यावरच खेकसले, की जवळ उभी राहून श्वास रोखू नकोस, तुझ्या श्वासानेच माझा तोल जातो. किती महिन्यांनी खेकसले. मी पुढच्या खोलीत जाऊन देवाला हात जोडले.

मांडी भरली असं म्हणू नका. टेपला फरक जेमतेम लागतो. काही दिवस बरे, काही दिवस पलंगावरून उतरायलाच नको म्हणतात. मधे सर्दी झाली तेव्हा सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं आणि मी दोन रात्री डोळे उघडे ठेवून काढल्या. पण पाय पुन्हा जमिनीला लागले.

गेल्या सोमवारी मी विजारीचं कापड आणलं. चांगलं, जाड विणीचं. दुकानदाराने भाव सांगितला तेव्हा मी घासाघीस केली नाही, त्यालाच आश्चर्य वाटलं. टेबलावरच्या औषधाच्या बाटल्या, वाळलेले कपडे, सगळं उचललं, टेबल पुसलं, कापड पसरलं. ते खुर्चीत बसून बघत होते. कुणासाठी, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुमच्यासाठी, जुन्या मापाने. म्हणाले, त्यात दोन मी मावतील. मी खडू घेऊन रेघ ओढली आणि कात्री उचलली. मला काय येतं? आत घेणं वेगळं आणि नवं बेतणं वेगळं.

"थांब. आडव्या धाग्यावर कापतेस."

मी म्हटलं, मग सरळ कुठला ते दाखवा. ते बसल्या जागेवरून हात करून दाखवायला लागले, पण टेबल उंच आहे, तुम्हाला माहीत आहे. बसून कापड दिसत नाही. कात्री तर चालतच नाही. बाबांनी ते टेबल उभ्या माणसासाठीच करून घेतलं होतं.

त्यांनी टाचा मागे घेतल्या. मी पट्ट्याकडे हात नेला तर मानेनेच नको म्हणाले. म्हणून मी स्टुलावर बसले आणि दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले. वन्सं, आयुष्यात मी पुष्कळ कष्ट केले, पण हे हात दाबून धरण्याएवढं अवघड काही केलं नाही. नाक पुढे आलं. पाय थरथरले. आत घेतलेल्या विजारीचं कापडही पायांबरोबर हलत होतं. एकदा खाली बसले. देवा, म्हटलं, मी हलणार नाही, मला हलू देऊ नकोस. आणि मग ते उठले. टेबलाला हात टेकले, एक हात सोडला आणि माझ्याकडे न बघता तो पुढे केला. मी कात्री दिली.

त्यांनी माझी रेघ पुसली, नवी ओढली. शिवणीला नेहमीपेक्षा दुप्पट कापड सोडलं. एक पाय बेतून झाला तेव्हा कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते. आपले आपण बसले. म्हणाले, दुसरा पाय उद्या. तो दुसऱ्या दिवशी झाला नाही, त्यानंतरच्या दिवशी झाला. आता विजार मशीनवर आहे. टीप मी घालते आणि ती डावीकडे झुकली की ते तिथल्या तिथे उसवायला लावतात.

घरची एवढी हकीकत. खरं पत्र तर पुढेच आहे.

काल ते म्हणाले, आता तिची विजार बेतायची, गाडीत चढायला बरी पडेल अशी. तुमचं जुनं माप त्यांना तोंडपाठ आहे, पण ते चालणार नाही म्हणतात. म्हणून कुणा शेजारणीला बोलवा आणि मापं घ्या. कंबर, मांडी, पोटरी, कमरेपासून घोट्यापर्यंत लांबी. मांडीचं माप कापडावरून नको, अंगाला टेप लावून. आम्हाला बरं वाटावं म्हणून एक बोटभरसुद्धा वाढवून लिहू नका. किती उतरली आहे ते आम्हाला कळू दे. आणि पलंगाचा पाय न धरता उठायला आजपासून लागा, हे त्यांनी स्वतः लिहायला सांगितलं आहे. तुम्ही पहिल्यांदा उठाल तेव्हा शेजारी हात धरायला नव्हे, नुसतं बसायला मी येते. गाडीची चौकशी केली आहे.

माप उलट टपाली कळवा.

तुमची वहिनी